मालगाडीनं बाबांच्या ट्रकला खरंच उत्तर दिलं होतं का?

वाडीवाला | शनिवार, रात्री ९:४०

लोकहो, आमच्या घरात तीसेक वर्षं एक भांडण सुरू आहे. आज ते इथं आणून टाकतो, निकाल लावा.

बाबा ट्रकवर होते. टाटाचा सोळा-तेरा. आंबिया बहाराची संत्री भरून नागपूर ते हैदराबाद, परतीला मिळेल तो माल. दिवाळीच्या सुट्टीत मी क्लिनरच्या शेजारी बसून दोन-तीनदा सोबत गेलोय. आता जो चव्वेचाळीस नंबर हायवे आहे तो तेव्हा सात नंबर होता. वर्धा रोडनं खापरी सोडलं की बोरखेडीपर्यंत रूळ आणि रस्ता एकमेकांच्या मागावर असल्यासारखे चालतात. कधी रूळ शेतापलीकडे दिसतात, कधी जवळ येतात. पुढे रेल्वे सिंदीकडे वळते, आपण जामकडे.

एक्सप्रेस गाड्या आमच्या हाती लागायच्या नाहीत, पण भरलेली मालगाडी सापडली की बाबांच्या अंगात यायचं. शेवटच्या गार्डाच्या डब्यापासून एकेक वाघीण मागे टाकत इंजिनापर्यंत पोचायचं, बरोबरीला आलं की हॉर्न द्यायचा. त्यांचा ठरलेला ठेका होता, दोन छोटे आणि एक लांब. प्यँ, प्यँ, प्यँऽऽऽ. मग इंजिनातून उत्तर यायचं. बाबा स्टिअरिंगवर थाप मारून म्हणायचे, "पाह्यलं? बोलला."

आईचं म्हणणं एकच, गाडी फाटकासाठी वाजवते, तुझ्या बापाले वाटते त्याच्यासाठी वाजवली. मी मोठा होऊन आईच्या पार्टीत गेलो. बाबा आता अठ्ठ्याहत्तरचे आहेत, अजून हटत नाहीत.

रेल्वेतलं कोणी इथं असेल तर सांगा. इंजिनवाला ट्रकवाल्याला उत्तर देतो का? देऊ शकतो का?

डायमंड_क्रॉसिंग | शनिवार, रात्री १०:०५

भारी धागा! मी रेल्वेत नाही, नुसता वेडा आहे, पण शिट्ट्यांचे कोड पाठ आहेत. हाताशी आहेत ते देतो.

एक छोटी: निघायला तयार. तीन छोट्या: गार्डानं ब्रेक लावावा. चार छोट्या: गाडी पुढे जाऊ शकत नाही, मागून संरक्षण द्या. लांब-छोटी-लांब-छोटी: गाडी तुटली, म्हणजे डबे वेगळे झाले. फाटक, बोगदा किंवा न थांबता स्टेशन पार करायचं असेल तर सलग लांब शिट्टी. पुन्हापुन्हा छोट्या छोट्या: धोका.

आणि वाडीवाला, तुमच्या बाबांचा ठेका, दोन छोटे एक लांब, याचा रेल्वेत अर्थ काय माहीत आहे? साखळी ओढली!! 😂 संत्र्याच्या ट्रकातून तीस वर्षं 'चेन पुलिंग' वाजवून राहिले होते ते.

वाडीवाला | शनिवार, रात्री १०:११

हे मी त्यांना आत्ता वाचून दाखवलं. म्हणाले, "मंग थांबला का तो? नाई नं? म्हणजे समजलं त्याले."

फाटकावरची | शनिवार, रात्री १०:४८

तुमच्या आईंची बाजू घेते. माझे वडील गेटमन होते, काटोल लाइनवर. फाटकाच्या खोलीत अभ्यास करून मी दहावी झाले.

रुळाच्या कडेला पिवळी पाटी असते, काळ्या अक्षरात 'सी/फा'. लहानपणी मला वाटायचं कुण्या साहेबाचं नाव आहे. ते 'सीटी, फाटक'. फाटकापासून ६०० मीटर अलीकडे असते. पाटी दिसली की ड्रायव्हरनं वाजवायचंच, रस्त्यावर ट्रक असो की रिकामा असो. तेव्हा बाबांना जे ऐकू आलं ते पाटीचं असण्याची शक्यता जास्त.

पण ट्रकवाले आणि रेल्वेवाले यांच्यात काही नव्हतं असं म्हणवत नाही. फाटक बंद झालं की ट्रक उभे. कोणी कॅन घेऊन पाणी मागायला येई, कोणी उतरून रुळाकडं पाहत बिडी ओढी. संत्र्याच्या दिवसांत बाबांच्या टेबलावर चार फळं राहायचीच, कोणी ठेवली ते कळायचं नाही. गाडी आली की बाबा हिरवी झेंडी घेऊन उभे, इंजिनातून हात बाहेर येई, मागून गार्डाचा हात. क्लिनर पोट्टेही हात हलवायचे. त्यांना वाटायचं ड्रायव्हर त्यांनाच हात दाखवतो. बाबा म्हणायचे, वाटू दे.

झोपमोड | रविवार, सकाळी ७:२०

तुमचं सगळं गोड आहे. मी रुळापासून दोन गल्ल्या सोडून राहतो, एका बाजूनं रेल्वे, दुसऱ्या बाजूनं रिंग रोडचे ट्रक. रात्री अडीचला 'बोलणं' ऐकून पाहा, मग प्रेम सांगा. ट्रकचे ते गाणं म्हणणारे प्रेशर हॉर्न तर कायद्यातच बसत नाहीत. मोटार वाहन नियम ११९, वेगवेगळ्या सुरांत वाजणारा किंवा कर्कश हॉर्न लावायला मनाई आहे. शांतता क्षेत्रात आणि रात्री दहा ते सहा वस्तीत आणीबाणी सोडून हॉर्न वाजवायचा नाही, तोही नियम आहे. मागे 'हॉर्न ओके प्लीज' लिहिणं २०१५ साली महाराष्ट्रात बंद केलं, त्यानं काय फरक पडला ते दिसतंच आहे.

वाडीवाला | रविवार, सकाळी ८:०२

झोपमोड, तुमचं खरं आहे. बाबांचा प्रेशर हॉर्न एका तपासणीत काढून घेतला होता, दंडही झाला. आठवडाभर ते जेवताना त्या हॉर्नबद्दल असे बोलत होते जशी गाय विकली. पण नंतर साध्या हॉर्नवरच चालवलं.

नेब्रास्काकर | रविवार, सकाळी ९:३५

मूळ नागपुरातल्या धंतोलीचा, आता अमेरिकेत नेब्रास्कात. इथला अनुभव टाकतो, कारण इथं ही गोष्ट जवळपास रिवाज आहे.

इथं हायवे ३० नावाचा जुना रस्ता आहे, त्याच्या शेजारून युनियन पॅसिफिक या रेल्वे कंपनीची मेन लाइन मैलोन् मैल जाते. सपाट प्रदेश, मक्याची शेतं, आणि दोन-दोन किलोमीटर लांब मालगाड्या. ट्रकवाल्यांचा एअर हॉर्न कॅबिनमध्ये वर लटकणाऱ्या दोरीनं वाजतो. म्हणून लहान पोरं रस्त्याकडेला उभी राहून हवेत मूठ वर-खाली ओढतात, दोरी ओढल्यासारखी. ट्रकवाला वाजवतो. हीच खूण पोरं मालगाडीलाही करतात, आणि तिथूनही बरेचदा उत्तर येतं. ट्रक आणि रेल्वे एकमेकांना वाजवतात तेही याच हिशोबानं.

बोलायचं म्हटलं तरी त्यांना हॉर्नच आहे. ट्रकवाल्यांचा सीबी रेडिओ एकोणीस नंबर चॅनलवर, रेल्वेचा रेडिओ वेगळ्याच पट्ट्यात.

फाटकाचा कोड इथं वेगळा: लांब, लांब, छोटी, लांब. शेवटची लांब इंजिन फाटकात शिरेपर्यंत सोडायची नाही. २००५ पासूनच्या नियमाप्रमाणे फाटकाच्या १५ ते २० सेकंद आधी सुरू करायचं, आवाज ९६ ते ११० डेसिबलच्या मध्ये. झोपमोड यांच्यासारख्या लोकांसाठी सोय आहे. गावानं फाटकांची सुरक्षा वाढवली तर 'शांत पट्टा' मागून घेता येतो, तिथं नेहमीचा हॉर्न बंद.

गंमत म्हणजे इथं रेल्वे ड्रायव्हरला इंजिनिअर म्हणतात. माझ्या शेजाऱ्यानं पहिल्या भेटीत सांगितलं मी इंजिनिअर आहे, मी म्हटलं मीही. पंधरा मिनिटं आम्ही दोन वेगळ्या नोकऱ्यांबद्दल बोलून राहिलो होतो.

डायमंड_क्रॉसिंग | रविवार, सकाळी ९:४१

आपल्याकडं इंजिनिअर म्हणजे स्पर्धा परीक्षेचा फॉर्म भरणारा 😄

लाल_हिरवा | रविवार, दुपारी १:१५

उशिरा पाहिला धागा. मी लोको पायलट होतो, मालगाडीवर जास्त वर्षं. निवृत्त होऊन सहा वर्षं झाली. आमच्या वेळी आम्हाला ड्रायव्हरच म्हणत. गार्डाचंही २०२२ पासून 'ट्रेन मॅनेजर' झालं, तोंडात मात्र गार्डच येतं.

वाडीवाला, तुमच्या बाबांचं मन मोडायचं नाही, पण आधी कोरडं उत्तर देतो. नियमात रस्त्यावरच्या वाहनाला 'नमस्कार' नाही. शिट्टीचा उपयोग ठरलेला आहे. उगाच वाजवली तर गार्ड गोंधळतो, गेटमन गोंधळतो. आणि खापरी ते बोरखेडी त्या काळात फाटकं होतीच. त्यामुळे नव्वद टक्के वेळा तुमची आई बरोबर.

राहिलेल्या दहा टक्क्यांबद्दल एक विचारायचं आहे. इंजिनातून आलेलं उत्तर लांब होतं की छोटं? किती? तुम्ही कुठंच लिहिलेलं नाही. नीट आठवून सांगा. सगळं त्याच्यावर आहे.

वाडीवाला | रविवार, दुपारी १:३०

मला आठवतं ते 'पों' असं काहीतरी. पण मी बारा वर्षांचा होतो, खात्री देत नाही. बाबा झोपलेत. उठले की विचारतो. (त्यांना सुचवल्याशिवाय विचारायला हवं, नाहीतर तुम्ही म्हणाल साक्षीदार फोडला.)

फाटकावरची | रविवार, दुपारी ३:१०

तोवर एक भर. बिनगेटमनच्या फाटकांबद्दल तरुण मंडळींना माहीत नसेल, कारण ब्रॉडगेजवरची अशी सगळी फाटकं जानेवारी २०१९ पर्यंत संपवली. आधी तिथं आडवा दांडा नाही, माणूस नाही, फक्त पाटी. मोटार वाहन कायद्याचं कलम १३१ अशा फाटकासाठीच आहे. ट्रक थांबवायचा, क्लिनरनं उतरून रुळापर्यंत चालत जायचं, दोन्हीकडं पाहायचं आणि मग ट्रकला बोलवायचं. क्लिनर नसेल तर ड्रायव्हरनं स्वतः उतरायचं.

किती जण उतरायचे ते विचारू नका. पण जो उतरायचा त्याला फक्त कान आणि ती शिट्टी होती. धुक्याच्या सकाळी तर कानच. म्हणून आमच्या बाबांना शिट्टी चुकवणाऱ्या ड्रायव्हरचा राग यायचा, ते मालगाडीचा नंबर लिहून ठेवायचे.

सावनेरची_सून | रविवार, सायंकाळी ५:०२

मुलाला घेऊन मोतीबागच्या नॅरोगेज म्युझियममध्ये गेले होते. तो विचारतो, हे इंजिन बोलतं का? मी म्हटलं वाफ होती तेव्हा बोलत होतं. इतवारी-नागभीड छोटी लाइन २०१९ मध्ये बंद झाली, त्याच्या जन्माच्याही आधी. त्याला आता गाडी म्हणजे मेट्रो, आणि मेट्रो बिचारी गप्पच असते.

एक अडाणी प्रश्न. गाडी जवळ येताना शिट्टी बारीक आणि पुढे गेली की जाड का होते? ड्रायव्हर सूर बदलतो का?

डायमंड_क्रॉसिंग | रविवार, सायंकाळी ५:२०

नाही ताई, डॉप्लर परिणाम. गाडी तुमच्याकडे येत असताना ध्वनीच्या लाटा दाटतात, सूर चढतो. लांब जाताना लाटा विरळ होतात, सूर उतरतो. आत बसलेल्या ड्रायव्हरला तो एकसारखाच ऐकू येतो.

वाडीवाला | रविवार, सायंकाळी ५:२८

बाबांचं व्हर्जन: "जाताना गळा पडते त्याचा. कोणाचाही पडते."

लाल_हिरवा | रविवार, रात्री ८:४५

साक्षीदार उठेपर्यंत थोडं हवेबद्दल सांगतो, कारण माझ्या मते ट्रकवाला आणि आम्ही एका जातीचे आहोत ते इथं.

इंजिनात कॉम्प्रेसर हवा भरतो. मेन टाकीत साधारण आठ ते दहा किलो दाब. त्याच हवेतून हॉर्न वाजतो आणि त्याच हवेतून ब्रेक पाइप भरतो, पाच किलोला. पाच किलो असेल तर ब्रेक सुटलेले. पाइप फुटला, डबा सुटला, साखळी ओढली, की दाब पडतो आणि ब्रेक आपोआप लागतात. हवा असेल तर गाडी चालते, हवा गेली की थांबते.

एअर ब्रेकच्या मोठ्या ट्रकचंही तेच. सकाळी सेल्फ मारला की ड्रायव्हर आधी गेज पाहतो, हवा बनली का. प्रेशर हॉर्नही त्याच हवेवर. तुमच्या बाबांना विचारा, उतारावर हॉर्न जास्त दाबला तर त्यांचा उस्ताद शिव्या द्यायचा की नाही. आमचे इन्स्ट्रक्टर द्यायचे.

आणि दोघांच्याही मागं वजन. कोळशाचा भरलेला रेक, म्हणजे अख्खी मालगाडी, म्हणजे ५८-५९ वाघिणी, सुमारे ४,००० टन नुसता कोळसा. कोराडीला, खापरखेड्याला असेच जातात. पुढं काही दिसलं आणि ब्रेक मारला तर किलोमीटरभर तरी जागा लागते. मोटारसायकलवाला बंद दांड्याखालून वाकून जातो तेव्हा आमच्याजवळ हॉर्नशिवाय काही नसतं. वाजवायचं आणि पाहत राहायचं. ट्रकवाल्याला हे समजावून सांगावं लागत नाही. तो कधी दांड्याखालून येत नाही, त्याला मागचं वजन माहीत असतं.

झोपमोड | रविवार, रात्री ९:०५

हे माहीत नव्हतं. तक्रार मागे घेत नाही, पण रात्री अडीचला आता वेगळं ऐकू येईल बहुधा.

वाडीवाला | मंगळवार, रात्री ९:१०

माफ करा, दोन दिवस लागले. बाबांना मी इतकंच विचारलं, "तो काय वाजवायचा?" त्यांनी डोळे मिटले आणि तोंडानं काढून दाखवलं. पों. एकदाच. छोटा.

मी विचारलं, नेहमी एकच? म्हणाले, "कधी वाजवे, कधी नाई वाजवे. वाजवला तर एकच. लांब वाजवला तर मले माहीत राहे का पुढं फाटक हाय, त्याले मी धरत नव्हतो."

म्हणजे आई आणि मी ज्या फाटकाच्या शिट्टीवरून त्यांच्याशी भांडत होतो, ती ते मोजतच नव्हते.

दुसरं एक सांगितलं. रात्री परतीला समोरून मालगाडी आली की तिचा हेडलाइट डोळ्यांत जायचा. बाबा डिप्पर मारायचे. "एखादा शहाणा असला तर बारीक करे."

डायमंड_क्रॉसिंग | मंगळवार, रात्री ९:१८

एक छोटी! म्हणजे 'निघायला तयार'. पण धावत्या गाडीत ती कोण वाजवेल? जनावर असेल रुळावर?

लाल_हिरवा | मंगळवार, रात्री १०:३०

जनावरासाठी एकावर कोणी थांबत नाही. गाय असली तर ती हलेपर्यंत वाजवतो. गार्डाचा सिग्नल हवा असला तर दोन छोट्या. फाटकाला लांब. धावत्या गाडीत, दोन स्टेशनांच्या मध्ये, एकच छोटी वाजवायचं कारण मला तरी सुचत नाही. दोन दिवस मीही डोकं खाजवलं.

हेडलाइटचं आधी सांगतो. शेजारच्या लाइनवर समोरून गाडी आली की लाइट बारीक करायचा, हा आमचा नियमच आहे. ट्रकसाठी तसं लिहिलेलं नाही. पण रस्ता खेटून असला, समोरचा डिप्पर मारून राहिला, तर हात बटणाकडे जातो. मीही केलेलं आहे.

आता ती एक छोटी. बेतूलच्या पुढे इटारसीकडे जाताना घाट लागतो, धाराखोह-मरामझिरी. चढावर भरलेली मालगाडी एका इंजिनाला ओढवत नाही, मागून ढकलायला दुसरी इंजिनं लावतात. त्यांना बँकर म्हणतात. पुढचा ड्रायव्हर आणि बँकरचा ड्रायव्हर यांच्यात अख्खी गाडी असते, एकमेकांचं तोंड दिसत नाही. निघताना पुढचा एक छोटी देतो, मी तयार. मागचा एक छोटी देतो, मीही तयार. ती ऐकू आली की मग हलायचं.

नागपूर विभागात काम केलेल्या माणसाच्या हाताला ती सवय असते. शेजारून कोणी हॉर्न दिला आणि ओळखीचं काही परत द्यावंसं वाटलं, तर हात तेवढाच पडणार, एक छोटी. रविवारी मी नव्वद टक्के आईंना दिले होते. आता ज्या शिट्ट्या तुमचे बाबा मोजत होते, त्यांच्यापुरते सगळे मार्क बाबांचे.

हे मी नोकरीत असताना लिहिलं नसतं.

फाटकावरची | मंगळवार, रात्री १०:३८

🙏

नेब्रास्काकर | बुधवार, पहाटे ५:५०

म्हणजे संत्र्याच्या ट्रकला बँकरचा मान!

वाडीवाला | बुधवार, सकाळी ८:१५

वाचून दाखवलं. दोनदा वाचायला लावलं, 'मीही तयार' या जागी थांबवलं. मग आईला हाक मारली. आई स्वयंपाकघरातून म्हणाली, "ऐकलं मी. पोळ्या करून राहिली."

लाल_हिरवा काका, बाबांचा तुमच्यासाठी प्रश्न आहे. १९९३-९४ च्या सुमारास तुम्ही वर्ध्याच्या बाजूला होतात का?

लाल_हिरवा | बुधवार, सकाळी ११:४०

नाही हो. त्या वर्षांत मी आमल्याला होतो, घाटाकडेच. वर्ध्याकडे फार नंतर आलो. तो मी नव्हे. हो म्हणायला आवडलं असतं.

वाडीवाला | बुधवार, दुपारी १२:०५

बाबा म्हणतात, "नसू दे. वाडीत राहतो मनाव, चहाले ये. अन् येताना फाटकावर थांबजो, दांड्याखालून येऊ नोको."